पान लागले, विंचू चढला: विषबाधेवरच्या उपचारांचा प्रवास

कोकणात ‘साप चावला’ असे सहसा कोणी म्हणत नाही; ‘पान लागले’ असे म्हणतात. दिवेलागणीनंतर तर सापाचे नावही तोंडातून काढायचे नाही, अशी घरोघरी शिकवण असते, त्यामुळे कोठे त्याला ‘जनावर’ म्हणतात, कोठे ‘लांबडे’, तर तळकोकणात ‘किरडू’. विंचवाच्या बाबतीत मात्र भाषा मोकळी आहे. विंचू चावला की तो ‘चढतो’ आणि जाणकार माणूस तो ‘उतरवतो’. आजाराचे वर्णन आणि त्यावरचा उपाय ही दोन्ही या दोन क्रियापदांत सामावलेली आहेत. विषबाधेवरच्या उपचारांचा जगभरचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात याच दोन शब्दांपासून करावी असे मला वाटते.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत विंचू उतरवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. चिरे उचलताना, उडवीतून पेंढा काढताना किंवा चुलीसाठी रचलेल्या लाकडांत हात घालताना कोणाला विंचू चावला, की त्याला त्यांच्या पडवीत आणून बसवीत. ते कडुलिंबाची डहाळी घेऊन पाय वरून खाली झाडीत, ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटत आणि मधूनमधून विचारीत, ‘‘आता कुठवर आहे?’’ चावलेला माणूस आधी जांघेकडे बोट दाखवी, काही वेळाने गुडघ्याकडे, मग घोट्याकडे. दोन-तीन तासांनी वेदना चावलेल्या बोटापुरती उरली, की ते मंतरलेले पाणी पाजून त्याला घरी पाठवीत. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि त्यांच्या पडवीतून उठून गेलेली बहुतेक माणसे दुसऱ्या दिवशी कामाला लागलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्यांना लबाड म्हणणे मला तेव्हाही जमले नसते आणि आजही जमत नाही. ते जे पाहत होते ते खरे होते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. ही चूक नेमकी कोठे होते हे उमगायला वैद्यकाला काही हजार वर्षे लागली.

विंचवाच्या बहुतेक दंशांत विष शरीरभर थैमान घालण्याइतके गेलेले नसते. वेदना मात्र असह्य असते. ती हातापायातून वर सरकते, काही तास टिकते आणि मग कोणी काही करो वा न करो, आपोआप ओसरते. सापाचे गणितही बरेचसे असेच आहे. आपल्या आजूबाजूला दिसणारे बहुतेक साप, म्हणजे धामण, दिवड, नानेटी, कवड्या, हे बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी तो प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, आणि अशा दंशाला डॉक्टर ‘कोरडा दंश’ म्हणतात. त्यामुळे पान लागलेली शंभर माणसे एखाद्या भगताकडे आणली गेली, तर त्यांतली बरीचशी जगणारच असतात. त्यांना मंत्र मिळाला काय, झाडपाला मिळाला काय किंवा नुसते पाणी मिळाले काय, फरक पडत नाही. जी थोडी दगावतात त्यांच्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ किंवा ‘वेळ भरली होती’ असे म्हटले जाते. ज्या उपायाचे यश उपायाच्या नावावर आणि अपयश नशिबाच्या नावावर जमा होते, तो उपाय कधीच खोटा ठरत नाही. जगातील जवळजवळ प्रत्येक संस्कृतीत विषावरचे असे उपाय शतकानुशतके टिकून राहिले, ते याच कारणाने.

प्राचीन इजिप्तचे उदाहरण घेऊ. तेथे सेर्केत नावाची देवी होती, तिच्या मस्तकावर विंचू असे आणि तिचे पुजारी दंशावर उपचार करीत. ब्रुकलिनच्या संग्रहालयात असलेल्या एका इजिप्शियन पपायरसमध्ये अनेक सापांची वर्णने आहेत. साप कसा दिसतो, तो चावल्यावर काय होते, माणूस वाचेल की नाही आणि त्या सापामागे कोणती देवता आहे, हे त्यात क्रमाने लिहिलेले आहे, आणि औषधांत कांद्याला मोठा मान आहे. याशिवाय मगरींवर उभा असलेला आणि दोन्ही हातांत साप व विंचू धरलेला बालरूपातील होरस देव ज्यांवर कोरलेला आहे, अशा शिळा तेथे असत. शिळेवर मंत्र कोरलेले असत. त्यावरून पाणी ओतायचे, ते खाली साठू द्यायचे आणि दंश झालेल्याला पाजायचे. ही रीत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या वाडीतली ती पडवी आणि तो पितळी तांब्या आठवला. नाईल नदी आणि आमचा पऱ्या यांच्यामध्ये समुद्र आहे आणि दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी घाबरलेल्या माणसाला मंतरलेले पाणी पाजण्याची कल्पना दोन्हीकडे सारखी आहे.

आपल्याकडे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग केवळ विषांसाठी राखलेले होते. त्याला अगदतंत्र म्हणत. सुश्रुतसंहितेतील कल्पस्थानाचे आठ अध्याय याच विषयावर आहेत. त्यांतील बारकाई पाहिली की मन थक्क होते. सापांचे एकूण ऐंशी प्रकार सांगितले आहेत आणि जमिनीवरच्या विषारी सापांचे तीन मोठे गट केले आहेत. फणा असणारे ते दर्वीकर, अंगावर वर्तुळे असणारे ते मंडली आणि अंगावर रेषा असणारे ते राजिमान. आजच्या भाषेत पहिल्या गटात नाग, दुसऱ्यात घोणसीसारखे साप आणि तिसऱ्यात मण्यार, अशी जुळणी पुष्कळ अभ्यासक करतात. जुळणी केवळ दिसण्यापुरती नाही. मंडली सापाच्या विषाने दाह होतो, सूज येते, दंशाच्या जागेचे मांस सडते आणि शरीराच्या वरच्या व खालच्या मार्गांनी रक्त जाते, असे सुश्रुतात म्हटले आहे. घोणस चावलेल्या रुग्णाशेजारी रात्र काढलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुश्रुताने दंशाचे प्रकार केले आहेत. दात खोल रुतून विष आत गेलेला दंश ‘सर्पित’, वरवरचा ‘रदित’ आणि विष न गेलेला ‘निर्विष’. कोरडा दंश म्हणजे काय हे त्या काळी ठाऊक होते, असाच याचा अर्थ. इतकेच नव्हे, तर सापाचा नुसता स्पर्श झाल्याने भित्र्या माणसाला सूज येऊ शकते, अशी ‘सर्पांगाभिहत’ नावाची अवस्थाही वेगळी नोंदवलेली आहे. एवढे पाहूनही उपचारांच्या जागी मात्र दंशाच्या वर चार अंगुळे बांधणे, चिरणे, चोखणे, डागणे आणि त्यांच्या जोडीला मंत्र व अगद, म्हणजे विषावरची औषधे, असे सगळे एकत्र येते. मंडली सापाच्या दंशाला डाग देऊ नये, असा बारीक भेदही केलेला आहे. परंतु यांपैकी कशामुळे रुग्ण वाचला आणि निर्विष दंश असल्यामुळे किती जण वाचले, याची मोजणी नाही. मला यात सुश्रुताची उणीव काढायची नाही, कारण ती मोजणी त्या काळी जगात कोणीच करीत नव्हते.

भूमध्य समुद्राच्या काठी वेगळा मार्ग निघाला. आजच्या तुर्कस्तानातील पाँटस या राज्याचा राजा मिथ्रिडेटिस हा विषप्रयोगाच्या भीतीने रोज थोडे थोडे विष आणि उतारा घेत असे, अशी ख्याती होती. त्याच्या उताऱ्यात भर घालून रोमन सम्राट नीरोचा वैद्य अँड्रोमेकस याने चौसष्ट द्रव्यांचे ‘थेरिअॅक’ बनवले, ज्यात सापाचे मांसही होते. रोममधील नामांकित वैद्य गॅलन याने त्याची थोरवी गायली, अरबी वैद्यकात तेच ‘तिर्याक’ झाले, व्हेनिसमध्ये ते लोकांसमोर समारंभाने बनवले जाई आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातील काही देशांच्या औषधांच्या यादीत ते टिकून राहिले. महागडे, दुर्मीळ आणि गुंतागुंतीचे औषध प्रभावी असणारच, ही समजूत किती खोल रुजलेली असते, याचा हा मोठा नमुना आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये मायमोनिडीस या ज्यू वैद्याने विषांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. तिर्याक मिळेपर्यंत गरीब माणसाने काय करावे, याचा विचार त्यात आहे, म्हणून मला तो फार आपलासा वाटतो.

आमच्या किनाऱ्याशी या कथेचा थेट संबंध सोळाव्या शतकात येतो. चौल, दाभोळ आणि गोवा या बंदरांतून औषधी द्रव्यांची ये-जा होत असे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये इकडच्या औषधींवर संवादरूपात एक ग्रंथ लिहून गोव्यातच छापला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते. सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्या आणि मुंगसाची ती प्रसिद्ध गोष्ट त्याने नोंदवली आहे. सापाशी लढताना मुंगूस एक मूळ खाते, अशी ती गोष्ट. पुढे सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइट मंडळींनी बनवलेले ‘गोवा दगड’ युरोपातील श्रीमंतांच्या घरी सोन्याच्या डब्यांत विषावरचा उतारा म्हणून जाऊन बसले. आपल्याकडचा जहरमोहरा हा विषावरचा दगडही याच घराण्यातला. शब्द फारसी आहे, आणि दंशावर चिकटवला की तो विष शोषून घेतो अशी समजूत आजही ऐकू येते.

हिंदुस्थानातून आलेल्या अशाच सर्पदगडांची परीक्षा इटलीत फ्रान्सेस्को रेडी या वैद्याने केली. जनावरांना विष टोचून त्याने दगड लावून पाहिले आणि ती मेली, एवढी साधी ही परीक्षा होती. त्याआधी १६६४ मध्येच त्याने दाखवले होते की सापाचे विष दातांजवळच्या पिशवीतून येते आणि ते गिळल्याने माणूस मरत नाही. रक्तात मिसळले तरच मरतो. विष हे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते आणि पोट प्रथिने पचवते, हे स्पष्टीकरण फार पुढे मिळाले. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात जोसेफ फेरर या ब्रिटिश डॉक्टरने सर्पदंशावरचे नाना उपाय प्राण्यांवर तपासले आणि त्यांपैकी एकही विषाला उतारा ठरत नाही, असा निर्वाळा १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिला. त्याच शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट इतका होता, की ती मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. उपाय सापडेना, तेव्हा साप संपवावेत, असा तो विचार होता. फुरसे मात्र आजही आमच्या कातळावर आहेच.

खरा उपाय सापडला तो व्हिएतनाममधील पुरामुळे. १८९१ मध्ये बाक लिएव या गावाजवळ पावसाच्या पाण्याने बिळांतून हुसकलेले नाग झोपड्यांत शिरले. चाळीस माणसांना दंश झाले आणि चार दगावली. सायगावच्या नव्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या आल्बेर काल्मेट या तरुण डॉक्टरकडे ते नाग पिंपात भरून पाठवले गेले. मला या हकिगतीतील दोन आकडे फार बोलके वाटतात. नागासारख्या सापाने चावलेल्या चाळीसांपैकी छत्तीस जण लसीविना, इंजेक्शनाविना वाचले होते. त्या गावात एखादा भगत असता, तर छत्तीस यशांचा मान त्याच्याकडे गेला असता.

घटसर्प या रोगाच्या जंतूंचे विष थोडे थोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात, हे बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये दाखवले होते. तीच युक्ती सापाच्या विषाला लागू पडते, हे १८९४ मध्ये काल्मेटने आणि त्याच सुमारास पॅरिसमध्येच फिसालिक्स व बेर्त्रां यांनी जाहीर केले. तत्त्व समजायला सोपे आहे. घोड्याला विषाची अगदी सौम्य मात्रा टोचतात आणि ती हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचे शरीर त्या विषाच्या रेणूंना घट्ट धरून ठेवणारी प्रतिपिंडे बनवते. त्याचे रक्त काढून, त्यातील प्रतिपिंडे वेगळी करून आणि शुद्ध करून बाटलीत भरली, की झाले प्रतिविष. आपण व्यवहारात ‘सापाची लस’ म्हणतो, पण लस आपल्या शरीराला स्वतः बनवायला शिकवते. येथे घोड्याने बनवलेली तयार प्रतिपिंडे आपण उसनी घेतो. म्हणूनच ती लगेच काम करतात, आणि म्हणूनच कधी कधी परक्या प्रथिनामुळे रुग्णाला तीव्र प्रतिक्रियाही येते. हे औषध घरी किंवा शेताच्या बांधावर टोचण्याचे नाही. डॉक्टरांच्या नजरेखाली, शिरेतून द्यायचे आहे, ते यामुळेच.

काल्मेटची एक समजूत मात्र चुकली. नागाविरुद्ध बनवलेले औषध सर्व सापांना चालेल असे त्याला वाटत होते. ब्राझीलमध्ये विताल ब्राझील या डॉक्टरने दाखवले की तसे होत नाही. ज्या सापाचे विष, त्याच सापाविरुद्धचे प्रतिविष लागते. साओ पाउलोजवळ बुतांतां येथे संस्था उभी करून तो शेतकऱ्यांकडून जिवंत साप घेई आणि बदल्यात औषध देई. औषधासोबत एक छापील तक्ताही जाई. कोणता साप, कधी चावला, औषध कधी दिले, पुढे काय झाले, हे भरून परत पाठवायचे. मला हा कागद त्या काचेच्या कुपीइतकाच मोलाचा वाटतो, कारण सर्पदंशावरच्या उपचारात जे तीन हजार वर्षे झाले नव्हते, ते या तक्त्याने सुरू केले.

भारतात हे काम हिमालयातील कसौलीत आणि मुंबईत परळला झाले. परळची प्रयोगशाळा आधी प्लेगच्या लसीसाठी स्थापन झाली होती. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस बनवणारे शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्र चालणारे प्रतिविष आपल्याकडे प्रचलित झाले, आणि आज ग्रामीण रुग्णालयात मिळते तेही हेच.

सापाचा प्रश्न असा निदान कागदावर तरी सुटला. विंचवाचा सुटला नव्हता, आणि तो सुटला तो आमच्याच कोकणात.

विंचवाने माणूस मरतो हे शहरातील पुष्कळांना खरे वाटत नाही. कोकणात मोठ्या काळ्या विंचवाला इंगळी म्हणतात आणि लोक तिला फार भितात, पण जीव घेतो तो तिच्यापेक्षा लहान असलेला लाल विंचू. आमच्या जांभ्या दगडाच्या भूमीत, चिऱ्यांच्या फटींत, शेणीच्या ढिगात आणि छपराच्या कौलांत तो मुबलक सापडतो. १९७६ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि लहान मुले डोळ्यांदेखत मरत होती. पाठ्यपुस्तकांत याविषयी जवळजवळ काही नव्हते. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा थंडपणा यांची नोंद ठेवायला सुरुवात केली.

त्या नोंदींतून जे चित्र उभे राहिले ते असे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमची दारे नीट मिटू देत नाही. दारे उघडी राहिल्याने मज्जातंतू सारखे संदेश सोडत राहतात, आणि अॅड्रेनलिन व नॉरअॅड्रेनलिन या संप्रेरकांचा शरीरात पूर लोटतो. आधी उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, लाळ गळते. मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात आणि रक्तदाब भराभर चढतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, मागे साचलेले पाणी फुप्फुसांत झिरपते, आणि रुग्ण गुलाबी फेस खोकत गुदमरतो. कोरड्या जमिनीवर माणूस बुडावा तसे हे मरण आहे.

यातील एक निरीक्षण वाचून मी फार वेळ थांबलो होतो. ज्यांच्या शरीरभर विष भिनलेले असते त्यांना चावलेल्या जागी वेदना बहुधा थोडीच असते, आणि जे बरे होऊ लागतात त्यांची वेदना परत येते. म्हणजे ‘आता कुठवर आहे?’ या प्रश्नाला ‘आता दुखत नाही’ असे उत्तर देणारा रुग्णच सर्वांत धोक्यात असू शकतो. आमच्या वाडीतील त्या वृद्धांच्या पडवीत एक लहान मुलगा असाच घामाने भिजलेला, गार पडलेला आणि शांत होता. विंचू उतरला असे समजून त्याला घरी नेले. पहाटे तो गेला.

उपाय म्हणून पूर्वी घाम थांबवायला अॅट्रोपिन देत, स्टेरॉइड देत, गुंगीची औषधे देत. त्यांनी उपयोग होत नव्हता, काहींनी हृदयावरचा ताण उलट वाढत होता. मूळ बिघाड आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आहे हे उमगल्यावर त्या सैल करणारे औषध हवे, हे ओघाने आले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले, पण ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि सतत पहारा ठेवावा लागतो. खेड्यात हे कठीण. मग प्रॅझोसिन निवडले गेले. ही उच्च रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी आहे. नॉरअॅड्रेनलिन ज्या खाचांत बसून रक्तवाहिन्या आवळते, त्या खाचा ही गोळी अडवून धरते. १९८६ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्याआधी पश्चिम भारतात असे रुग्ण २५ ते ३० टक्के दगावत होते. प्रॅझोसिन रुळल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले, असे डॉ. बावस्कर यांनी नोंदवले आहे. पुढे हाफकिन संस्थेने विंचवाविरुद्धचे प्रतिविषही बनवले. ते प्रॅझोसिनच्या जोडीने दिले तर काय होते, याची परीक्षा डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच सत्तर रुग्णांवर केली. दहा तासांत जोडीने औषध दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण बरे झाले, तर नुसत्या प्रॅझोसिनने ३५ पैकी ८. हा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला.

येथे सर्पगंधेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सह्याद्रीत आढळणारे हे झुडूप आपल्याकडे सापाच्या विषावर शतकानुशतके दिले गेले. सापाच्या विषावर त्याचा उपयोग नाही. पण मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाब वाढलेल्या रुग्णांना ते देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगाचे लक्ष त्याकडे वळले. १९५२ मध्ये त्याच्या मुळांतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले, आणि ते पुढे रक्तदाबावरचे महत्त्वाचे औषध झाले. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेल्या नॉरअॅड्रेनलिनचे साठे रिकामे करते. विंचवाच्या विषाने ज्याचा पूर येतो, तेच हे द्रव्य. (याचा अर्थ विंचू चावल्यावर सर्पगंधा द्यावी असा मुळीच नाही; तिचा परिणाम फार सावकाश होतो आणि येथे वेळ तासांत मोजायचा असतो.) जुन्या वैदूंच्या झोळीतील मूळ निरुपयोगी नव्हते, ते चुकीच्या रोगासाठी झोळीत ठेवले होते, आणि योग्य रोग सापडला तो मोजमाप करणाऱ्या माणसाला.

एवढे सगळे हाताशी असूनही भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असावेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मधील एका मोठ्या अभ्यासाने दिला. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले, आणि बहुतेक रुग्णालयाबाहेर. औषधालाही मर्यादा आहेत. प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, त्यामुळे काही भागांत हे औषध अपुरे पडते. झाडांवरच्या हिरव्या चापड्याच्या विषाचा तर त्यात समावेशच नाही.

काही वर्षांपूर्वी माझे काका काजूच्या बागेत पाला काढत असताना त्यांच्या बोटाला फुरसे चावले. साप ओळखीचा होता, अंगावर वळसे घालून खवल्यांचा घासल्यासारखा आवाज करणारा. त्यांनी बोट चिरले नाही, वर दोरी आवळली नाही, कोणाकडे झाडायला गेले नाहीत. हात न हलवता रिक्षात बसले आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आले. तोवर बोट सुजले होते, पण दुसरे काही दिसत नव्हते. काका म्हणत होते की आता घरी जाऊ या. डॉक्टरांनी थोडे रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घातले, नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. फुरशाचे विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकते, त्यामुळे निरोगी माणसाचे रक्त जेवढ्या वेळात नळीत थिजून बसते तेवढ्या वेळात विषबाधा झालेल्याचे थिजत नाही, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि वीस मिनिटे तिला कोणी हात लावायचा नाही, हेही सांगितले. आम्ही त्या नळीकडे पाहत बसलो. वीस मिनिटांनी त्यांनी ती हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखे काचेवरून घरंगळले. त्यांनी परिचारिकेला प्रतिविषाच्या कुप्या आणायला सांगितले, काकांच्या केसपेपरवर वेळ लिहिली आणि त्याखाली सहा तासांनी पुन्हा नळी लावण्याची वेळ लिहिली.